लोटून घ्या, कडी नको

"लोटून घ्या. कडी नको."

आमच्या ऑफिसात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर सरांचं हे पहिलं वाक्य पडायचं. तुम्हीही पाहिलं असेल, कर सल्लागाराकडे येणारा माणूस जरासा चोरपावलांनी येतो. बिचाऱ्यानं केलेलं काहीच नसतं, पण आत शिरला की त्याचा आवाज खाली येतो आणि हात आपोआप कडीकडे जातो. सर मान वर न करता उजवा हात हवेत हलकेच ढकलायचे. माणूस दार लोटायचा. कडी तशीच उघडी राहायची.

"बाहेरच्याला वाटंल, आत काय चाललंय कुणास ठाऊक," ते म्हणायचे. "येऊ द्या की. येणारा आपलाच असतो."

नांदेडच्या जुन्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, एका आडतीच्या वर, दोन खोल्यांचं ते ऑफिस. हंगामात हळदीचा वास जिना चढून वर यायचा आणि फायलींत मुक्काम करायचा. आमच्या भागात कराचं काम करणाऱ्याला सगळे वकीलसाहेबच म्हणतात. काळा कोट सरांनी जन्मात घातला नव्हता. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डोळे कायम अर्धे मिटलेले, की बघणाऱ्याला वाटावं, यांना आत्ताच कुणीतरी उठवलंय.

मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. नावही विचारलं नाही.

"गाव कोणतं?"

"रेणापूर."

"लातूरचं? देवीचं रेणापूर?" त्यांचे डोळे आणखी थोडे मिटले. "चांगलं गाव हाय. बसा."

झाली मुलाखत. त्या दिवसापासून मी 'रेणापूर' झाले. "रेणापूर, चहा सांगा." "रेणापूर, ती फाईल बघा बरं." माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत शंका होती. माणसांची नावं त्यांच्या हातातून निसटायची, गावं मात्र पक्की बसायची. ते स्वतः उमरीचे. फोन आला की विचारायचे, "कोण, मुखेड का देगलूर?" पलीकडच्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

आता यातूनच पुढचं सगळं झालं, म्हणून सांगते. कराचं काम इंटरनेटवर गेलं तेव्हा प्रत्येक अशिलासाठी पासवर्ड करायची वेळ आली. सरांनी क्षणभरही विचार केला नाही. ज्याचं जे गाव, तोच त्याचा पासवर्ड. सरकारला आकडे आणि चिन्हं पाहिजेत म्हणून प्रत्येक गावापुढं एकच एक शेपूट, एका चिन्हाची आणि एक-दोन-तीनची.

मी एकदा म्हणाले, "सर, हे कुणीही ओळखील."

"गाव विसरलेला माणूस बघितलाय का तुम्ही?" त्यांनी उलट मलाच विचारलं. "बायकोचा वाढदिवस विसरतोय, स्वतःचाबी विसरतोय. गाव न्हाई विसरत."

खरंच होतं ते.

सरांना झोप प्यारी होती आणि झोपेहून स्वप्नं प्यारी. सकाळी आले की आधी रात्रीचं स्वप्न सांगायचे, मग कॉम्प्युटर सुरू करायचे. एकदा म्हणाले, "गोदावरीला लई पाणी आलतं आणि समद्यांचे रिटर्न होड्या होऊन चाललेले. मी काठावर बसून एकेका होडीला म्हणून राहिलो, सही राहिली हो, सही राहिली." त्या दिवशी त्यांनी खरंच सगळ्या फायलींच्या सह्या तपासल्या. दोन राहिलेल्या निघाल्या. मी हसले तर म्हणाले, "हसू नका. झोपेत माणूस जास्त ध्यान देऊन काम करतो."

कॉम्प्युटरशीही ते माणसासारखंच बोलायचे. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज सकाळी एक पिवळी चौकट वर यायची. नवी आवृत्ती आली आहे, सुरक्षेसाठी घ्यावी, अशी तिची विनंती. सर तिला नम्रपणे सांगायचे, "आज गर्दी हाय. उद्या या." आणि 'नंतर' वर बोट दाबायचे. पूर्वी एकदा त्यांनी नवी आवृत्ती घेतली होती, तर सगळी बटणं इकडची तिकडे झाली. पाहुणीनं आपल्या घरातली भांडी लावावीत तसं झालं, म्हणायचे. तेव्हापासून ती चौकट बिचारी रोज यायची आणि रोज परत जायची. दारावर आलेल्या विक्रेत्यालाही सर याहून वेगळं वागवत नसत.

हे सॉफ्टवेअर आम्हाला लातूरच्या एका तरुण इंजिनियरनं दिलेलं. सर त्याला 'लातूर' म्हणायचे, हे तुम्ही ओळखलंच असेल. काही अडलं की त्यानं एसटीनं यायचं, म्हणजे त्याचा दिवस जायचा. म्हणून त्यानं आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक सोय करून ठेवली. तो लातूरला बसूनच आमच्या कॉम्प्युटरवर काम करू शकायचा. त्या सोयीचा पासवर्ड होता उमरी. ती सोय दिवसभर चालू असायची. बंद करायची कुणाला सुचलंच नाही. येणारा आपलाच होता.

सरांना याची भारी गंमत वाटायची. माऊसला कुणी हात लावलेला नाही आणि पडद्यावरचा बाण आपला आपण चालतोय. सर हात मांडीवर घेऊन बघत बसायचे. "लातूर आलं," असं मला हळूच सांगायचे. मग एक कोरं पान उघडून त्यावर टाईप करायचे, जेवलात का? थोड्या वेळानं खाली उमटायचं, हो सर, तुम्ही? तिकडचा माणूस दिसत नाही, आवाज नाही, फक्त अक्षरं एकामागून एक येताहेत. सर म्हणायचे, "सपनात माणसं अशीच येतात बघा. पाय दिसत न्हाईत."

ती दुपार मला अजून दिसते. कडक उन्हाळा, कूलरचा घरघराट, ओल्या वाळ्याचा वास. खाली मोंढा पेंगत होता. सर खुर्चीत मागे टेकलेले, डोळे जवळजवळ मिटलेले. मी शेजारच्या टेबलावर बिलं जुळवत होते. तेवढ्यात बाण हलला.

"लातूर आलं," सर अर्धवट झोपेतच म्हणाले. पुढे वाकून त्यांनी टाईप केलं, जेवलात का?

बाण थबकला. बराच वेळ तो एका जागी उभा राहिला. मग खाली अक्षरं आली. हां, खा लिया.

"लातूरला आज हिंदी सुचून राहिलीय," सर म्हणाले, हसले आणि परत मागे टेकले. त्यांना झोप लागली.

बाण पुढे चालू लागला. अशिलांच्या नावांचे कप्पे एकेक करून उघडत होता, आत थोडा थांबत होता, पुन्हा बंद करत होता. घाई अजिबात नाही. घरात कुणी झोपलेलं असताना आपण जसे वावरतो तसा तो वावरत होता. मला वाटलं, काही साफसफाई चालली असेल. खरं सांगायचं तर मला ते बघायला छान वाटत होतं. कूलर चालू होता, सर मंद घोरत होते, आणि तो बाण आमच्या माणसांच्या गावागावांतून फिरत होता.

पावसाळा सरता सरता मुखेडच्या बाई आल्या.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, ताठ मान. रिटर्नच्या कागदावर त्या सही करायच्या तेव्हा आम्ही दोघंही गप्प बसायचो, इतकी ती सही देखणी आणि सावकाश असायची. त्यांच्या आई-वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात मजुरी केली. बाबासाहेबांचं बोट धरून आम्ही शाळेपर्यंत आलो, असं त्या म्हणायच्या. सगळ्या अशिलांत त्या एकट्याच अशा, की ज्यांचा हात कधी कडीकडे जात नसे.

त्या दिवशी त्यांनी आत येऊन कडी लावली. दर दिवाळीला रंग बसून ती घट्ट झालेली. दोन्ही हातांनी ओढून लावली. सर नुसते बघत राहिले.

पिशवीतून बाईंनी कर खात्याची एक नोटीस काढली. दूरच्या एका राज्यात त्यांच्या नावानं भंगाराच्या व्यापाराची फर्म निघाली होती. त्यांचं पॅन कार्ड, आधार, फोटो, घराचं वीजबिल, सगळं जोडलेलं. त्या फर्मनं खोटी बिलं फाडून कर बुडवला होता. बाईंना खुलासा द्यायला बोलावलं होतं आणि तोवर त्यांचं पेन्शनचं खातं गोठवलं होतं.

"माझ्या आईच्या नावानं या जगात एक कागद नव्हता, वकीलसाहेब," बाई म्हणाल्या. "माझ्या नावानं आता दुकान निघालंय. भंगाराचं." त्यांना हसायचं होतं, पण जमलं नाही. "बँकेतल्या पोरानं माझ्याकडं कसं बघितलं माहितीय? माझ्याच हाताखाली शिकलेला हाय तो."

सरांचे डोळे पूर्ण उघडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ते कागद त्यांनी ओळखले होते. त्या वीजबिलाच्या कोपऱ्यावर त्यांच्याच चहाच्या कपाचा गोल डाग होता. ते बिल आम्ही स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवलं होतं, आणि तशी प्रत आमच्याशिवाय कुठे असणं शक्य नव्हतं.

त्यांनी लातूरला फोन लावला. "उन्हाळ्यात तुम्ही दुपारी आलता बघा. हिंदीत बोललात."

फोन स्पीकरवर होता.

"सर," तो म्हणाला, "मी तुमच्याशी हिंदीत कशाला बोलू? माझ्या बहिणीचं लग्न होतं. तो अख्खा महिना मी तुमच्या कॉम्प्युटरवर आलोच नाही."

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं स्वतः आला. कॉम्प्युटर उघडून बघत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. जुन्या आवृत्तीत भोक होतं, जगाला ठाऊक झालेलं, आणि ते बुजवण्यासाठीच ती पिवळी चौकट रोज येत होती. दूरवरून काम करायची सोय सताड उघडी. पासवर्ड म्हणजे आमच्या पाटीवर लिहिलेलं सरांचं गाव. आणि आत सगळ्यांचे कागद, कुलूप नाही, काही नाही. "सर, त्यानं काही फोडलं न्हाई," लातूर रडवेला होऊन म्हणाला. "तो नुसता आत आला."

"आला," सर म्हणाले. "मी त्याला जेवण विचारलं."

त्या आठवड्यात सरांचे जुने स्नेही येऊन गेले. तेही याच धंद्यातले, सर त्यांना 'देगलूर' म्हणायचे. त्यांनी दार नीट लावून घेतलं आणि मैत्रीच्या पोटी सल्ला दिला. "हे बघा, तुम्ही काही कबूल करू नका. म्हातारी माणसं फोनवर कुणालाबी ओटीपी सांगून टाकतात. बाईंनीच कुणाला तरी कागद दिले असतील, एवढं लिहा. कोण नाकारणार? तुमचं ऑफिस वाचंल."

सल्ला पक्का होता. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. बाईंचं वय बघून, त्यांची साडी बघून, मुखेड बघून. सगळ्यांनी.

सर म्हणाले, "त्या बाईनं जन्मभर पोरांना खोटं लिहू दिलं न्हाई. मी तिच्याबद्दलच खोटं लिहू?"

"मग ऑफिस जाईल."

"जाऊ द्या. माझं ऑफिस हाय, तिचं नाव हाय. कोणतं मोठं, सांगा तुम्हीच."

देगलूरवाले चहा न पिताच उठले.

शपथपत्र सरांनी मला सांगितलं आणि मी टाईप केलं. मी 'सायबर हल्ला' असा शब्द घातला, तो त्यांनी खोडायला लावला. "हल्ला कुठं झाला? आपण झोपलो होतो. लिहा, मी संगणक उघडा ठेवला होता. अशिलांच्या गावांची नावे मी पासवर्ड म्हणून ठेवली होती. अनोळखी व्यक्ती माझ्यासमोर आत आली. मी तिला जेवलात का विचारले."

"सर, हेपण लिहायचं?"

"घडलं ते घडलं. लिहा, रेणापूर."

सुनावणीला मी सरांबरोबर गेले होते. बाई बाकावर ताठ बसलेल्या. कर खात्याच्या साहेबांनी शपथपत्र वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. "तुम्ही चोराला जेवलात का म्हणून विचारलं?"

"तो चोर हाय, हे मला कुठं ठाऊक होतं साहेब?" सर म्हणाले. "आणि ठाऊक असतं तरी, दुपारची वेळ होती."

साहेब हसले नाहीत. बाईही हसल्या नाहीत. पण बाईंनी मान वळवून सरांकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. चुकलेलं गणित स्वतःहून दाखवायला आलेल्या मुलाकडे शिक्षक बघतात, तसं पाहिलं त्यांनी.

बाई सुटल्या. वेळ लागला, हेलपाटे झाले, पण खातं मोकळं झालं आणि नावावरची फर्म रद्द झाली. बाईंनी तो आदेश लॅमिनेट करून घेतला आणि बँकेतल्या त्या पोराला नेऊन दाखवला.

ऑफिसचं मात्र देगलूरवाले म्हणाले तसंच झालं. सरांनी कुणाला फोन केला नाही. एसटीत बसून ते गावोगाव गेले आणि प्रत्येक अशिलाच्या दारात उभं राहून सांगितलं, तुमचं घर माझ्या हातून उघडं राहिलं होतं, पासवर्ड बदलून घ्या. काहींनी पाणी दिलं. काहींनी बसाही म्हटलं नाही. उमरीत तर त्यांच्या चुलतभावानं उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं. पुढच्या काही महिन्यांत माणसं येऊन फायली घेऊन गेली. कपाटं रिकामी झाली. हळदीचा वास तेवढा राहिला.

कॉम्प्युटर आम्ही सुधारला. नवी आवृत्ती, लांबलचक पासवर्ड, कागदांना कुलूप. सर नव्या पडद्यासमोर हरवल्यासारखे बसायचे. स्वप्नं सांगणं बंद झालं होतं. एकदाच, दुपारी, आपण होऊन म्हणाले, "मी समद्यांना गाव विचारतो. त्याला तेवढं विचारायचं राहिलं."

"कुणाला, सर?"

"तो आलता तो. कुणीकडचा असंल? खरंच जेवला असंल का?"

मला राग आला. ज्यानं सगळं धुऊन नेलं त्याच्या जेवणाची काळजी! पण त्यांचा चेहरा पाहिला आणि राग टिकला नाही. हा माणूस असाच होता. त्याला दुसरं होताच येत नव्हतं, आणि मला तो तसाच हवा होता.

पुढच्या जूनमध्ये दार वाजलं. मुखेडच्या बाई. हातात फाईल.

सर गडबडून उभे राहिले. "बाई, आता माझ्याकडं देऊ नका हो. दुसरं कुणी बघा."

"बसा," बाई म्हणाल्या. सर बसले. "वर्गात पोराची चूक झाली म्हणून मी कधी त्याला बाहेर काढलं न्हाई. पुढच्या बाकावर बसवत होते. रिटर्न तुम्हीच भरायचं. पण पासवर्ड माझा मी टाकणार. तुम्ही तिकडं तोंड करा."

सरांनी फिरती खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंचं तेवढ्यानं भागलं नाही. "डोळे मिटा." सरांनी दोन्ही तळहात डोळ्यांवर घेतले. बाई एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाईप करू लागल्या. सर भिंतीकडे बसून होते आणि त्यांचे खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत, मला पाठीमागून कळलं नाही.

"झालं, वकीलसाहेब," बाई म्हणाल्या. "वळा आता."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला स्वप्न सांगितलं. स्वप्नात ते शाळेत होते आणि बाकावर आमचे सगळे अशील बसले होते, उमरीचा चुलतभाऊसुद्धा.

बाईंमागोमाग थोडी माणसं परत आली. पूर्वीइतकी नाही. जो येईल त्याच्यासाठी सर न सांगता भिंतीकडे वळायचे, डोळ्यांवर हात घ्यायचे. लोकांना ती गंमत वाटायची. सरांना गंमत वाटत नव्हती. ते मनापासून करायचे.

सर जाऊन आता काही उन्हाळे झाले. दुपारच्या झोपेतच गेले, घरी. ऑफिस मी चालवते. पिवळी चौकट आली की हातातलं काम टाकून तिचं ऐकते. आत यायचं तर कुणालाही मी हो म्हटल्याशिवाय येता येत नाही, लातूरलासुद्धा. दारालाही कडी असते. रंग खरवडून, तेल घालून ती मोकळी करून घेतली आहे. सरांची खुर्ची त्यांनी शेवटची वळवली तशीच आहे, भिंतीकडे तोंड केलेली. झाडायला येणाऱ्या मावशी ती सरळ करून जातात आणि मी परत वळवते.

परवा बाई आल्या होत्या. आता जिना चढताना मध्ये थांबावं लागतं त्यांना. फाईल ठेवली, चष्मा लावला, मला म्हणाल्या, "तिकडं बघ." मी खिडकीबाहेर बघत राहिले. खाली मोंढा पेंगत होता. मागे एका बोटाचा आवाज येत होता, थांबून थांबून. मग तो थांबला.

"झालं, वकीलसाहेब. वळा आता."

मी वळले. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. खुर्चीकडे बघत होत्या. आम्ही दोघी कूलरचा आवाज ऐकत तशाच बसलो. मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पिशवी खांद्याला लावली आणि जाताना दार नुसतं लोटून घेतलं. मला उठून कडी लावायची होती. त्या दुपारी मी लावली नाही.